यंत्रमानवाचा घनपाठ

अमेरिकेहून पार्सल आलं हे आमच्या घरात कळायच्या आधी काशीतल्या ब्रह्माघाटच्या अख्ख्या गल्लीला कळलं. पोस्टमन कोपऱ्यावरूनच ओरडत आला, "गुरुजी, अमरीका से पारसल हौ!" आणि आमच्या दारात सांड बसलेला असल्यामुळे तिथेच उभा राहिला. सांडाला उठायची काही घाई नव्हती. तो उठेपर्यंत आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या, पार्सलाचं वजन किती, तिकिटं किती, आत काय असेल यावर मतं देऊन झाली, आणि मग कुठे ते माझ्या हातात पडलं.

मी तेव्हा अकरावीत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा वेद शिकवायचे. घराच्या खालच्या खोलीत त्यांची पाठशाळा होती, वर आम्ही. पार्सल पाठवलं होतं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. दोन हिवाळे तो आमच्याकडे शिकायला होता. अमेरिकन, गोरापान आणि इतका उंच की आमच्या जिन्यात रोज नेमाने डोकं आपटून घ्यायचा. आई त्याला लांब्या म्हणायची, आणि तोही लांब्या म्हटलं की "आलो आई" म्हणून यायचा.

लांब्यावरून बाबांनी बरंच ऐकून घेतलं होतं. परदेशी माणसाला वेद शिकवणार का, म्हणून घाटावर कुजबुज सुरू झाली. बाबांनी त्याला वेद शिकवलाच नाही. साधे नीतीचे श्लोक घेतले आणि त्यांवर फक्त पाठाची पद्धत शिकवली. पण रामघाटावरच्या काकांना तेवढंही मान्य नव्हतं. हे काका म्हणजे बाबांचे थोरले गुरुबंधू. एकाच गुरूकडे शिकलेले, बाबांपेक्षा वयाने बरेच मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. काशीतल्या आपल्या मराठी वैदिकांत वसंतपूजेचा मोठा मान. सगळे वैदिक ओळीने पाटांवर बसून वेद म्हणतात, यजमान त्यांना गंध-अत्तर लावून पूजा करतो. कोणाचा पाट मांडायचा ते काका ठरवत. त्यांनी बाबांना सगळ्यांसमोर बजावलं होतं, "आज शिकतोय, उद्या आपल्या विद्येचा तमाशा करेल. तमाशा झाला, तर वसंतपूजेत तुझा पाट नाही."

बाबा म्हणाले होते, "तो तसा नाही." एवढंच. त्यानंतर लांब्या परत गेला आणि पाठशाळेच्या कोपऱ्यातली त्याची चटई बाबांनी कोणालाही दिली नाही.

पार्सलात तीन व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर भडक चित्रं: एक अवकाशयान, एक चौकोनी डोक्याचा यंत्रमानव, आणि तीन डोळ्यांचा एक हिरवा म्हातारा. सोबत लांब्याच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत हिंदी चिठ्ठी. त्याला तिकडे कार्टूनच्या एका कचेरीत गमती लिहायची नोकरी लागली होती. त्यांची मालिका टीव्हीवर चालली, आता तिच्या कॅसेटी दुकानात विकायला आल्या, म्हणून पहिला संच गुरुजींना. खाली लिहिलं होतं, "गुरुजी देख लें, फिर जो कहना हो कहें."

"गमती लिहायची नोकरी?" बाबांनी दोनदा विचारलं. "पगार देतात?"

"देतात."

"गमती लिहायचा?"

आई म्हणाली, "इथे तर फुकट करतात लोक. बघा ना रामघाटावर."

आणि नाव काढायला आणि काका दारात हजर व्हायला एकच गाठ पडली. त्यांना म्हणे एकादशी स्मार्त धरायची की भागवत, ते विचारायचं होतं. ताकाला येऊन भांडं लपवायची त्यांना सवयच. डोळे सगळे पार्सलावर. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय पाठवलंय तुझ्या त्या विलायती माणसाने?" विद्यार्थी हा शब्द त्यांनी लांब्यासाठी कधी वापरला नाही.

बाबांचा स्वभाव एरवी शांत, पण कोणी ढोसलं की ताठ उभे राहायचे. म्हणाले, "परवा प्रतिपदा आहे, अनध्याय. तुम्हीही या. सगळ्यांसमोर लावू. माझ्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही नाही."

अनध्याय म्हणजे वेदपाठाला सुट्टी. त्या दिवशी वेद म्हणायचा नाही, शिकवायचा नाही. म्हणून तो दिवस.

आमच्याकडे टीव्हीसुद्धा नव्हता. चौकातल्या व्हिडिओवाल्याकडून टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही भाड्याने आणले. रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच येते, पुढे टीव्ही हमालाच्या डोक्यावर. त्याच्यामागे लहान मुलांची वरातच निघाली. व्हिडिओवाल्याने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि मान हलवली. "ई अमरीकी कैसेट हौ. चली त जाई, बाकी रंग ना आई." झालंही तसंच. चित्र आधी खालून वर उड्या मारायला लागलं. मग त्याने टीव्हीच्या मागची एक खुंटी पिळून ते कसंबसं जागेवर बसवलं, पण राहिलं काळंपांढरं. खोक्यावरचा हिरवा म्हातारा आमच्याकडे राखाडीच आला.

वरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. थंडीचे दिवस, म्हणून आईने मटार घातलेल्या पोह्यांचा चुडा-मटर केला होता, आल्याचा चहा होता. काका भिंतीला टेकून मधोमध बसले. आणखी दोन-तीन वैदिक होते, पण ते काका हसले की हसणारे आणि काका खाकरले की खाकरणारे, त्यामुळे त्यांचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. इंग्रजी येणारी मी एकटी. रिमोटही माझ्याच हातात होता. अख्ख्या वैदिक मंडळाची दोरी आपल्या हातात आहे या कल्पनेने मी इतकी फुगले होते की आईने मला दोनदा डोळ्यांनी दटावलं.

मालिका सुरू झाली. यान उडालं. कप्तानीण बाई कोणावर तरी ओरडली. कशाचा तरी स्फोट झाला. मी जमेल तसं सांगत होते, जमत नव्हतं तिथे बनवून सांगत होते. काका कंटाळून चुडा-मटरातले मटर वेचून खात होते. मला वाटलं, सुटलो. यात आपल्या विद्येचा काय संबंध?

तेवढ्यात यंत्रमानव यानाच्या दारापाशी आला. ते दार बोलून उघडायचं होतं. आणि तो बोलला:

"ओपन द, द ओपन, ओपन द डोर, डोर... ओपन—"

काकांचा हात ताटलीतच थांबला.

इथे घन म्हणजे काय ते सांगायला हवं. वेदातला एक शब्दही हलू नये म्हणून वैदिक तो सरळ, उलटा, पुन्हा सरळ, असा विणून पाठ करतात. आम्ही पोरी, आम्हाला कोणी शिकवलं नाही, पण खालून दिवसभर कानांवर पडायचं. लहानपणी मी आईला घनातच जेवण मागायची: "आई भूक, भूक आई, आई भूक लागली, लागली भूक आई, आई भूक लागली." आई म्हणायची, "मग आता तुझा अध्याय संपला की वाढते."

त्यामुळे यंत्रमानव घन म्हणतोय हे खोलीतल्या सगळ्यांना एकदमच कळलं. इंग्रजी न कळून कळलं. आणि तो उलट येताना मधला शब्द गाळतोय, हेही कळलं. दार अर्धं उघडलं, तसंच फटकन मिटलं आणि यंत्रमानवाचा पाय त्यात सापडला. पडद्यावर कोणीतरी खो खो हसत होतं. तेवढ्यात तो तीन डोळ्यांचा म्हातारा आला. गालात काहीतरी कोंबलेलं, डोक्याच्या मागे शेंडीसारखा एक तुरा. त्याने काही न बोलता बोटाच्या पेराने टेबलावर टक टक केलं. यंत्रमानव मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला.

"अगंबाई!" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "हे तर हेच!"

असं बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. आणि मग पदर तोंडात कोंबून आत पळाली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

मलाही हसू फुटत होतं, कारण ते बाबाच होते. मुलगा चुकला की बाबा कधी "चुकलास" म्हणत नसत. नुसतं पेराने पाटावर टक टक. मग त्याने आपली चूक आपणच शोधायची आणि पहिल्यापासून यायचं. पान गालात धरायची तऱ्हा तीच. मान तिरकी करायची तऱ्हा तीच. डोळा तेवढा एक जास्त होता.

पण मी बाबांकडे पाहिलं आणि माझं हसू जिरलं. त्यांचा चेहरा उतरला होता. तो तसा नाही, असं ज्याच्याबद्दल सगळ्यांशी भांडून म्हटलं, त्याने आपल्याला तीन डोळे लावून जगाला हसायला दिलं, असंच त्यांना वाटलं असणार. मला लांब्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला त्याच जिन्यावर मुद्दाम डोकं आपटायला लावलं असतं.

"बंद कर," बाबा हळूच म्हणाले. "पुन्हा त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

मी रिमोट उचलला.

"थांब!" काका गरजले. मला वाटलं, आता पाट गेला. पण काकांचं बोट पडद्याकडे रोखलेलं. "चुकला तो! उलट येताना मधलं पद गाळलं त्याने!"

"ऐकलं मी," बाबा म्हणाले.

"हे तू शिकवलंस?"

आता मात्र बाबा ताठ झाले. पाटाचं काय व्हायचं ते होवो, पण चुकीचा घन शिकवला हा आरोप! "मी असं शिकवलेलं नाही. तो तिथेच चुकायचा. दोन्ही हिवाळे तिथेच चुकायचा. उलट फिरला की मधलं पद गिळायचा."

"मग म्हणून का नाही दाखवलंस त्याला?"

"त्याचं त्याला सापडायला पाहिजे."

"हां! टक टक करून विद्या येते होय? कान धरून सांगावं लागतं! ऐक, असं—" आणि काकांनी हात उचलला, स्वर लावला, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. अनध्याय होता. वेदातला एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर ताटली होती.

"चुडा मटर, मटर चुडा," काकांनी खणखणीत आवाजात, हाताने स्वर दाखवत सुरू केलं, "चुडा मटर चहा, चहा मटर चुडा, चुडा मटर चहा!"

आतून पुन्हा भांडं पडलं. काकांबरोबर आलेल्यांनी मात्र गंभीरपणे माना डोलावल्या, कारण घन चोख होता.

"बरोबर," बाबा म्हणाले. "पण हे तुम्हाला येतं. त्याला यायला पाहिजे ना."

"टकटकीने जन्मात येणार नाही."

"येईल."

"मग पुढे दाखव," काका म्हणाले आणि मांडी घट्ट घालून बसले. "पोरी, लाव पुढे. एकदा जरी तो डबा शुद्ध बोलला, तर मी मानीन की तुझ्या बापाने शिष्य तयार केला. नाहीतर तमाशाच."

झालं. आता त्या मालिकेत कोण कोणाशी लढतंय, कोणता ग्रह फुटतोय, याच्याशी कोणाला काही देणंघेणं उरलं नाही. कप्तानिणीचं लग्न मोडलं, तेव्हा काका म्हणाले, "हिला कशाला मधे आणतात?" दार दिसलं की सगळे पुढे सरकायचे. यंत्रमानव म्हणायला लागला की सगळे बोटांवर पदं मोजायचे. उलट फिरला की हमखास गळायचं ते मधलं पद. म्हातारा टक टक करायचा. काका विजयाने बाबांकडे बघायचे. बाबा समोरच्या भिंतीकडे.

पहिली कॅसेट संपली. दुसरी संपत आली. दर भागात दार, दर भागात चूक. एकदा पाय सापडला, एकदा डोकं, एकदा कप्तानिणीची वेणी. लांब्याला तरी काय सुचायचं! मला बाबांचे हाल बघवेनात, म्हणून मी कॅसेट भरभर पुढे पळवायला लागले. शेवटी तरी येतंय का बघावं.

काकांनी लगेच पकडलं. "ए! पाठात मधलं गाळायचं नाही!"

"अहो काका, हे कार्टून आहे."

"काय असेल ते असो. मागे घे."

मी मागे घेतलं. मग बत्ती गेली. मला वाटलं, आता हे उठतील. कोणी उठलं नाही. संध्येची वेळ झाली, तेव्हा काकांनी आमच्याच अंगणात पळी-पंचपात्र मागून संध्या केली, म्हणजे घाटावर जाईपर्यंत बत्ती आली तर चुकायला नको. आई माझ्या कानाशी म्हणाली, "जन्मात या घरचं पाणी नीट प्यायले नाहीत, आज संध्या इथे." बत्ती आली, तेव्हा सगळ्यांत आधी काकाच सतरंजीवर परतले.

तिसऱ्या कॅसेटीचा शेवटचा भाग. यान कुठल्याशा काळ्या खड्ड्यात ओढलं जात होतं. सगळे बेशुद्ध. यंत्रमानव एकटा दारापाशी घरंगळत आला.

बाबांनी विचारलं, "म्हातारा कुठाय?"

"तो मागच्या ग्रहावर उतरला, बाबा. वय झालं म्हणून. आता तो नाही यानात."

टेबलापाशी खुर्ची रिकामी होती. यंत्रमानवाने एकदा त्या खुर्चीकडे बघितलं. मग सुरू केलं.

"ओपन द, द ओपन, ओपन द डोर," आणि इथे तो थांबला. बाबांची मूठ जमिनीवर, पेर उचललेलं. "डोर... द... ओपन. ओपन द डोर."

दार उघडलं. पूर्ण उघडलं. आणि त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर कोणीही हसलं नाही. यंत्रमानव दारात उभा राहिला, मागे वळून रिकाम्या खुर्चीला त्याने वाकून नमस्कार केला, गुडघे टेकून, दोन्ही हात पुढे, थेट आमच्याकडे करतात तसा. अमेरिकेत ज्यांनी हे पाहिलं असेल, त्यांना त्यात काय कळलं असेल देव जाणे. आम्हाला सगळं कळलं.

मला रडू आलं. उगाच नव्हे. लांब्या कोणाला हसत होता ते मला तेव्हा समजलं. सगळ्या मालिकेभर तो स्वतःला हसत होता. चुकणारा डबा तो होता.

काकांनी उपरणं खांद्यावर टाकलं, भिंतीचा आधार घेत उठले. कौतुकाचा शब्द काढला असता तर ते काका कसले? जिन्याशी जाऊन म्हणाले, "वसंतपूजेला वेळेवर ये. गेल्या खेपेला उशीर केला होतास." आणि काठी टेकत उतरले. बाकीचे त्यांच्यामागून गेले.

मी टीव्ही बंद केला. बाबा अजून सतरंजीवरच होते. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांना त्या मुलाची किती आठवण येत होती ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एवढे दिवस ते फक्त एका चटईला हात लावू देत नव्हते.

"कागद घे," ते म्हणाले. "त्याला लिही."

मी कागद घेऊन बसले. मला वाटलं, आता आशीर्वाद लिहायला सांगतील. निदान कार्टून चांगलं होतं, एवढं तरी.

"लिही," बाबा म्हणाले, "घन बसला. पण एवढं आलं म्हणजे सगळं आलं, असं समजू नकोस. पुढचा पाठ राहिलाय. आणि म्हातारा मधेच कुठल्या ग्रहावर उतरला वगैरे सगळं खोटं आहे. तो इथेच आहे, ब्रह्माघाटला. लवकर ये."

शेवटचे दोन शब्द त्यांनी चहा तोंडाला लावता लावता म्हटले. मला ते ऐकू आले नव्हते, पण मी लिहिले.